एकेचाळीसपैकी एक चाल

घरात बुद्धिबळाचा पट असेल तर तो समोर घेऊन बसा. नसेल तर शेजारून मागून आणा. पटावाचून हा लेख अजिबातच कळणार नाही असे नव्हे, पण सोंगट्या मांडून वाचलात तर अधिक कळेल, आणि माझी फजितीही अधिक स्पष्ट दिसेल.

मी पेशाने शिक्षक. गाव नगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी. जिल्ह्याचे सरकारी नाव आता अहिल्यानगर झाले असले, तरी बोलताना आमच्या तोंडून अजून ‘नगर’च निघते. शाळेत दर शनिवारी दुपारी मी मुलांना बुद्धिबळ शिकवतो. आमच्या जिल्ह्यातला शार्दूल गागरे २०१६ साली ग्रँडमास्टर झाला, तेव्हा त्याचे वर्तमानपत्रातले छायाचित्र कापून मी वर्गाच्या भिंतीवर चिकटवले होते. मी स्वतः मात्र अगदी सामान्य खेळाडू. आजोबांकडून देवळाच्या ओसरीवर देशी पद्धतीचा खेळ शिकलो. त्यात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरके आणि प्याद्याने दिलेल्या मातीला, म्हणजे प्यादेमातीला, फार मान असे. आंतरराष्ट्रीय नियम पुढे पुस्तकांतून शिकलो.

काही वर्षांपूर्वी नगरला एका खुल्या स्पर्धेत मी नाव घातले. खुली स्पर्धा म्हणजे वयाची अट नाही. तिसऱ्या फेरीत माझ्यासमोर राहुरीकडची आठवीतली एक मुलगी आली. पाय जमिनीला नीट टेकत नव्हते म्हणून तिने खुर्चीच्या आडव्या दांडीवर ठेवले होते. मी पांढरी सोंगटी घेऊन खेळत होतो.

आता चाली मांडू या. पटाच्या उभ्या ओळींना डावीकडून ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच अशी नावे असतात आणि आडव्या ओळींना पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८ असे आकडे. ई ओळीतले खालून चौथे घर म्हणजे ई४. एवढे कळले की कोणताही डाव वाचता येतो.

पहिली चाल : मी राजापुढचे प्यादे ई४ वर नेले, तिने आपले ई५ वर. दुसरी : माझा घोडा एफ३, तिचा घोडा सी६. तिसरी : माझा उंट सी४, तिचे प्यादे डी६. चौथी : माझा दुसरा घोडा सी३, आणि तिचा उंट जी४.

इथे थांबा आणि पट नीट पाहा. तिचा जी४ वरचा उंट माझ्या एफ३ वरच्या घोड्यावर नजर ठेवून आहे, आणि त्या घोड्याच्या मागे, त्याच तिरक्या रेषेत, डी१ वर माझा वजीर आहे. घोडा हलला की वजीर उघडा पडतो. अशा मोहऱ्याला ‘जखडलेला’ म्हणतात. पण जखडण्याचेही दोन प्रकार असतात, आणि विद्यार्थी इथेच गोंधळतात. मागे राजा असेल तर मोहरे हलवणे नियमानेच मना आहे. मागे वजीर असेल तर नियम अडवत नाही, फक्त नुकसानीची भीती अडवते. आणि मागे तशाच तोलाची कमाई दिसत असेल, तर भीती बाजूला ठेवता येते.

ही स्थिती पाहताच माझ्या मनात घंटी वाजली. कारण या ठिकाणी खेळायचा एक सुप्रसिद्ध डावपेच मी गेली कित्येक वर्षे मुलांना शिकवत आलो होतो.

तो डावपेच पॅरिसच्या लेगाल नावाच्या खेळाडूच्या नावाने ओळखला जातो. लेगालचा जन्म १७०२ सालचा आणि मृत्यू १७९२ सालचा. म्हणजे आपल्याकडे छत्रपती राजाराम महाराजांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी जन्मलेला हा माणूस सवाई माधवरावांच्या पेशवाईपर्यंत जगला. पॅरिसच्या ‘काफे द ला रेजांस’ या कॉफीगृहात तो खेळत असे, आणि अठराव्या शतकातला सर्वांत नावाजलेला खेळाडू फिलिडोर हा त्याचाच शिष्य. लेगालच्या त्या डावाच्या चाली निरनिराळ्या पुस्तकांत थोड्या निरनिराळ्या दिलेल्या असतात, पण गाभा एकच. काळ्याचा डी६ चा आणि ई५ चा बंदोबस्त आहे, त्याचा उंट जी४ वर आहे, त्याच्या वजिराकडचा घोडा अजून बी८ वर घरीच बसला आहे आणि त्याने नुकतेच जी६ असे निरुपयोगी प्यादे ढकलले आहे. अशा वेळी पांढरा आपल्या घोड्याने ई५ चे प्यादे मारतो आणि वजीर खुशाल मरू देतो! काळ्याने डी१ वरचा वजीर मारला की पांढरा उंट एफ७ चे प्यादे मारून शह देतो. राजाला ई७ हे एकच घर मोकळे. तो तिथे गेला की सी३ चा घोडा डी५ वर उडी मारतो आणि मात! दोन घोडे, एक उंट, आणि सगळे सैन्य जागेवर असूनही राजा मेलेला.

पटावर हे करून पाहा. डी५ चा घोडा राजाला शह देतो आणि एफ६ अडवतो. ई५ चा घोडा डी७ अडवतो आणि एफ७ च्या उंटाला आधार देतो. एफ७ चा उंट ई८ आणि ई६ अडवतो. उरलेल्या घरांत राजाचीच माणसे उभी आहेत. मी जेव्हा जेव्हा हे फळ्यावर काढून दाखवी, तेव्हा वर्गात हमखास टाळी पडे. ‘वजीर द्या, मात घ्या’ असे मी त्याचे नावही ठेवले होते. मास्तरांना अशा घोषणांचा मोह असतोच.

तेव्हा पाचव्या चालीला मी फार वेळ घेतला नाही. अर्धा मिनिटही नसेल. घोडा उचलला, ई५ चे प्यादे मारले, घड्याळ दाबले आणि पाणी प्यायला उठलो. मुद्दाम उठलो, हे कबूल करतो. समोर बसून राहिलो असतो तर तोंडावरचा आनंद लपला नसता.

परत आलो तेव्हा मुलगी अजून विचारच करत होती. अकरा मिनिटे तिने घेतली. मग तिने सी६ चा घोडा उचलला आणि माझा ई५ चा घोडा मारला.

वजीर मारला नाही. घोडा मारला.

मी पटाकडे पाहत राहिलो. माझ्या वजिरावर तिच्या जी४ च्या उंटाचा मारा कायम होता. मग वजिराने तो उंटच मारला तर? नाही. कारण तिचा घोडा आता ई५ वर आला होता, आणि ई५ चा घोडा जी४ ला आधार देत होता. मी उंट मारताच ती वजीर मारणार. शिवाय तोच घोडा माझ्या सी४ च्या उंटावरही चाल करून आला होता. मी उंट ई२ वर माघारी आणला, तिने तो आपल्या उंटाने मारला, मी वजिराने तिचा उंट मारला. हिशेब केला तर एका प्याद्याच्या बदल्यात माझा आख्खा घोडा गेला होता. पुढे पस्तीस-छत्तीस चाली मी झुंजलो, पण पहिल्या पाचातच गेलेला घोडा काही परत येत नाही. बेचाळिसाव्या चालीला मी हात पुढे केला.

तर मग चूक नेमकी कुठे झाली? ‘काळ्याचा घोडा बी८ वर नव्हता, सी६ वर होता’ हे झाले पटावरचे उत्तर. ते बरोबरच आहे. पण तो घोडा सी६ वर आहे हे मला दिसत नव्हते काय? दिसत होते! दुसऱ्या चालीलाच तो तिथे आला होता आणि मीच ते कागदावर लिहून घेतले होते. दिसत असूनही मी तो विचारात घेतला नाही, हा खरा प्रश्न आहे, आणि तो बुद्धिबळाचा कमी आणि मानसशास्त्राचा जास्त आहे.

आधी थोडे गणित. बुद्धिबळात पहिल्या चालीला पांढऱ्याकडे २० चाली असतात. आठ प्याद्यांच्या प्रत्येकी दोन आणि दोन घोड्यांच्या प्रत्येकी दोन. काळ्यालाही तितक्याच. म्हणजे एकेका चालीनंतर ४०० प्रकार झाले. दोघांच्या दोन-दोन चाली झाल्या की हा आकडा १,९७,२८१ वर जातो. अमेरिकन गणिती क्लॉड शॅनन याने १९५० साली संपूर्ण डावांच्या संख्येचा अंदाज केला, तो १ या आकड्यावर १२० शून्ये इतका निघाला. एवढे सगळे कोणी पाहू शकत नाही. तेव्हा प्रत्येक खेळाडूला, तो जगज्जेता असो की माझ्यासारखा शनिवारचा मास्तर, बहुतेक चाली न पाहताच सोडून द्याव्या लागतात. कोणत्या सोडायच्या, हीच तर कला.

ती कला कशी चालते याचा अभ्यास प्रथम ॲड्रियान द ग्रूट या डच मानसशास्त्रज्ञाने केला. तो स्वतः चांगला खेळाडू होता. ऑलिंपियाडमध्ये नेदरलँड्सकडून खेळलेला. त्याने अलेखिन, यूव, केरेस अशा थोर खेळाडूंपुढे पट मांडला आणि सांगितले : चाल शोधा, पण मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा. तेच त्याने साध्या क्लबातल्या चांगल्या खेळाडूंनाही करायला लावले. १९४६ साली त्याचा प्रबंध प्रसिद्ध झाला. सगळ्यांची अपेक्षा अशी की थोर खेळाडू दहा-दहा, पंधरा-पंधरा चाली पुढे पाहत असतील. प्रत्यक्षात ते इतरांपेक्षा फार खोल पाहत नव्हते, आणि फार जास्त चालीही तपासत नव्हते. फरक असा की ज्या दोन-चार चाली ते तपासायला घेत, त्यांतच चांगली चाल असे.

मग ती त्यांना कशी सुचते? द ग्रूटने त्यांना काही सेकंद पट दाखवून झाकला आणि आठवणीने पुन्हा मांडायला सांगितले. थोर खेळाडूंनी तो जवळजवळ बिनचूक मांडला. म्हणजे स्मरणशक्ती दांडगी म्हणायची? अमेरिकेत विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ साली हा प्रयोग एक पाऊल पुढे नेला. (सायमन यांना पुढे १९७८ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बुद्धिबळ, संगणक आणि अर्थशास्त्र अशा तिन्ही गावांना जाणारा हा माणूस होता.) खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवली तेव्हा तरबेज खेळाडूने वीस-पंचवीस मोहऱ्यांपैकी सुमारे १६ जागेवर मांडली, तर नवशिक्याने सुमारे ४. पण तीच मोहरी पटावर कशीही विखरून ठेवली, तेव्हा तरबेजाची गतही नवशिक्यासारखीच झाली! पुढच्या संशोधकांना विस्कळीत मांडणीतही तरबेजांचा किंचित वरचष्मा आढळला, पण फरक अगदी थोडा.

याचा अर्थ काय? तरबेज खेळाडू एकेक मोहरे पाहत नाही. तो ओळखीचे पुंजके पाहतो. किल्लेकोट केलेला राजा आणि त्यापुढची तीन प्यादी, हा एक पुंजका. जखडलेला घोडा, त्याच्या मागे वजीर आणि पुढे उंट, हा दुसरा. तुम्ही ‘नगर’ हा शब्द वाचता तेव्हा न, ग, र अशी अक्षरे सुटी जुळवत नाही, तसेच हे. वर्षानुवर्षे खेळून असे हजारो पुंजके डोक्यात साठतात, आणि पुंजका दिसला की त्याच्याबरोबर बांधून ठेवलेली चालही वर येते. ही गोष्ट आपल्याकडच्या जुन्या लोकांनाही ठाऊक असावी. १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरचे एक पुस्तक संस्कृतातून इंग्रजीत येऊन छापले गेले. त्यात मुख्यत्वे भरणा होता तो सोडवायला दिलेल्या पेचांचाच. पेच सोडवत जायचे, स्थिती लक्षात ठेवायच्या.

तर लेगालचा पुंजका माझ्या डोक्यात पक्का होता. फार पक्का. आणि इथेच घात झाला.

आता पट क्षणभर बाजूला सारा आणि कागद-पेन्सिल घ्या. तुमच्याकडे तीन भांडी आहेत, त्यांवर मधल्या खुणा नाहीत. पहिले २१ मापांचे, दुसरे १२७ चे, तिसरे ३ चे. नळाला पाणी भरपूर. नेमके १०० मापे पाणी मोजून द्या. थोडा विचार केलात तर सापडेल : दुसरे भांडे भरा, त्यातून पहिले एकदा भरून ओता आणि तिसरे दोनदा भरून ओता. १२७ वजा २१ वजा ६. आता १४, १६३, २५ अशी भांडी घेऊन ९९ मापे द्या. मग १८, ४३, १० घेऊन ५. मग ९, ४२, ६ घेऊन २१. हे चारही झाले की २३, ४९, ३ घेऊन २० मापे काढा, आणि शेवटी २८, ७६, ३ घेऊन २५.

पाचव्या उदाहरणात काय केलेत? बहुतेक जण ४९ वजा २३ वजा ६ असे करतात. उत्तर बरोबर येते. पण २३ तून एकदाच ३ काढले की झाले, हे सुचत नाही! आणि सहाव्यात तर जुनी रीत चालतच नाही. तिथे काही जण ‘हे सुटत नाही’ म्हणून पेन्सिल खाली ठेवतात. वास्तविक २८ वजा ३ हे तिसरीतले पोरही सांगेल. अब्राहम ल्यूचिन्स याने १९४२ साली प्रसिद्ध केलेला हा प्रयोग आहे. शिक्षकांनी वर्गात जरूर करून पाहावा. अर्ध्या वर्गाला सहाही उदाहरणे द्यावीत, अर्ध्याला फक्त शेवटची दोन, आणि कोण लवकर सुटतो ते पाहावे. ज्यांना आधीचा सराव नाही ते पुढे जातात. सराव हा गुण असूनही इथे तो आडवा येतो, ही मोठी गंमत आहे. मला तेव्हा ती गंमत वाटली नव्हती.

बुद्धिबळात हेच होते काय, हे मेरिम बिलालिच, पीटर मॅक्लाउड आणि फर्नांड गोबे या संशोधकांनी तपासले. त्यांनी अशी स्थिती मांडली की तीत पाच चालींची एक मात होती, अगदी ओळखीची, घोड्याने राजाला त्याच्याच माणसांत कोंडून मारण्याची. शिवाय तीन चालींची दुसरीही मात होती, तितकी ओळखीची नसलेली. खेळाडूंना सांगितले, सर्वांत कमी चालींत मात करा. चांगल्या चांगल्या खेळाडूंना पाच चालींची मात चटकन दिसली, आणि मग ‘आम्ही याहून लहान मार्ग शोधतो आहोत’ असे ते म्हणत राहिले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात खेळाडूंची बुबुळे कोणत्या घराकडे वळतात हे यंत्राने टिपले होते. तोंडाने ते ‘दुसरे शोधतो आहोत’ म्हणत होते, पण डोळे पुन्हा पुन्हा त्याच पहिल्या मातीच्या घरांकडे जात होते! ते खोटे बोलत नव्हते, बरे का. त्यांना खरोखरच वाटत होते की आपण मोकळ्या मनाने शोधतो आहोत. पटावर एक लहानसा बदल करून ओळखीची मात बंद केली, की तशाच ताकदीच्या खेळाडूंना लहान मार्ग सापडत असे.

हे वाचले तेव्हा मला माझी पाचवी चाल आठवली. त्या वेळी कोणी माझ्या बुबुळांवर यंत्र लावले असते, तर ती एफ७, ई७, डी५ एवढ्याच घरांत फिरताना दिसली असती. सी६ कडे एकदाही गेली नसती.

नंतर घरी बसून मी आणखी एक हिशेब केला. मी ई५ चे प्यादे मारल्यानंतर त्या मुलीपुढे कायदेशीर चाली किती होत्या? तुम्हीही मोजा, चांगला व्यायाम आहे. वजिराच्या ७, राजाची १, ए८ च्या हत्तीच्या २, एफ८ च्या उंटाची १, जी४ च्या उंटाच्या ९, जी८ च्या घोड्याच्या ३, सी६ च्या घोड्याच्या ६ आणि प्याद्यांच्या १२. एकूण ४१. या एकेचाळीसपैकी मी एकच पाहिली होती, तिने माझा वजीर मारण्याची. मग पुढच्या चालीचे पाहा. उंटाने एफ७ वर शह दिला की काळ्यापुढे किती चाली उरतात? एकच. राजा ई७. शह म्हणजे हुकूम. त्याला उत्तर द्यावेच लागते. वजीर समोर ठेवणे हे मात्र हुकूम नव्हे, आमंत्रण आहे, आणि आमंत्रण नाकारता येते. मी आमंत्रणाला हुकूम समजलो होतो.

डाव संपल्यावर आम्ही दोघे बाजूच्या टेबलावर तो पुन्हा मांडून बसलो. मी तिला विचारले, “वजीर का नाही मारलास?”

ती म्हणाली, “मारणारच होते, सर. हात पण उचलला होता. मग वाटलं, एवढे मोठे सर वजीर असाच कसा सोडतील?”

हात उचलला होता, पण उंटाला लावला नव्हता. लावला असता तर नियमाप्रमाणे तोच खेळावा लागला असता, आणि हा लेख मी वेगळा लिहिला असता, किंवा लिहिलाच नसता.

“मग काय केलंस?”

“आधी वजीर मारून बघितला, मनात. तुमचा उंट एफ७ वर, मग राजा ई७ वर, मग घोडा डी५ वर. मेलेच असते. मग म्हटलं, दुसरं काय काय मारता येतं ते बघू. प्याद्याने घोडा मारला तर तुमचा वजीर माझा उंट मारतो. मग सी६ च्या घोड्याने मारला, तर तो उंटाला धरून बसतो.” आणि तिने बोट ठेवून दाखवले, ई५ वरून जी४.

मारण्याच्या तीनच चाली तिने तपासल्या. एकेचाळीस नाही. तीन पुरल्या. प्याद्याने मारले असते तर घोड्याच्या बदल्यात मला प्यादे आणि उंट मिळून मीच एका प्याद्याने वर राहिलो असतो. तेही तिने तोंडी सांगितले. अकरा मिनिटांचा हिशेब हा असा होता. माझ्या अर्ध्या मिनिटाचा हिशेब मी तिला सांगितला नाही.

मग मी विचारले, “हा डाव मला इथे खेळताच येत नव्हता, की काही कमी पडलं?” तिने पट पुन्हा चौथ्या चालीपर्यंत मागे नेला. बराच वेळ दोघांनी सोंगट्या हलवल्या. शेवटी उत्तर सापडले ते एका प्याद्यात. ते कोणाला आधी दिसले हे आता नीट आठवत नाही. माझा समज असा की तिलाच.

पाचव्या चालीला घोडा हलवण्याऐवजी पांढऱ्याने नुसते एच३ प्यादे ढकलावे. जी४ च्या उंटाला विचारावे : काय रे, मारतोस की जातोस? पुष्कळ खेळाडू जखडण सोडवत नाहीत म्हणून उंट एच५ वर मागे घेतात. तिरकी रेषा तीच, वजिरावरची नजरही तीच. काहीच बदलले नाही असे वाटते. आणि आता पांढऱ्याने घोड्याने ई५ मारावा!

काळ्याने वजीर मारला तर मात आहेच. काळ्याने सी६ च्या घोड्याने ई५ चा घोडा मारला, म्हणजे त्या मुलीचेच उत्तर दिले, तर? आता पाहा. ई५ वरचा घोडा कोणत्या घरांना आधार देतो? डी७, एफ७, सी६, जी६, सी४, जी४, डी३, एफ३. या आठांत एच५ नाही. असणारच नाही, कारण ई पासून एच तीन ओळी दूर आहे आणि घोडा एका उडीत दोनच्या वर ओळी ओलांडत नाही. म्हणून एच५ चा उंट निराधार आहे आणि पांढरा वजीर तो बिनधास्त मारतो. काळ्याने घोड्याने सी४ चा उंट मारला तर वजीर एच५ वरून सरळ बी५ वर जाऊन शह देतो. तो शह निवारण्यातच काळ्याची चाल जाते, आणि पुढच्या चालीला सी४ चा घोडा वजिराच्या हाती लागतो. हिशेब : पांढऱ्याचा एक घोडा, एक उंट गेला, काळ्याचा एक घोडा, एक उंट आणि एक प्यादे. पांढरा एका प्याद्याने वर. मात झाली नाही, टाळी पडायची नाही, पण डाव चांगला.

एक घर. जी४ आणि एच५ यांत एका तिरक्या घराचे अंतर, आणि तेवढ्यात एक आख्खा घोडा हरण्याची चाल एक प्यादे जिंकण्याची चाल होते. रसायनाच्या तासाला आपण पाहतो ना, एक थेंब जास्त पडला की रंग पालटतो, तसे.

शनिवारच्या वर्गाचे काय करायचे, हा विचार मात्र मला नगरहून परतताना एसटीत छळत होता. कारण गेल्याच वर्षी आमच्या शाळेचा एक मुलगा तालुक्याच्या स्पर्धेत असाच ‘वजीर द्या, मात घ्या’ करायला जाऊन हरला होता. त्याने मला कागद आणून दाखवला होता आणि मी तो नीट न वाचताच म्हणालो होतो, “पुढे कुठेतरी चुकला असशील.” तो कुठेही चुकला नव्हता. चुकला होता तो फळ्यावरच.

सोमवारी मी त्याला बोलावून तो कागद पुन्हा मागितला. त्याने जपून ठेवला होता. त्याचीही चौथ्या चालीपर्यंत हीच स्थिती, आणि काळा घोडा सी६ वर. मी त्याच्यापुढे कबूल केले की चूक माझ्या शिकवण्यात होती. तो नुसता “बरं, सर” म्हणाला, पण त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

त्या शनिवारी वर्गात दोन पट मांडले, शेजारी शेजारी. एकावर काळा उंट जी४ वर, दुसऱ्यावर एच५ वर आणि पांढरे प्यादे एच३ वर. बाकी सगळे सारखे. ‘कुठल्या पटावर घोड्याने ई५ मारायचा?’ एवढाच प्रश्न. वर्ग पाऊण तास भांडत होता. घोषणा मी पुसून टाकली होती. तिच्या जागी काही लिहिले नाही.

शेवटी त्याच मुलाने एक शंका काढली, आणि ती मी तुमच्यासाठी ठेवतो. तो म्हणाला, “सर, एच३ ढकलल्यावर काळ्याने उंट मागे घेतलाच नाही, त्याने एफ३ चा घोडाच मारला, तर?” उत्तम प्रश्न. तर पांढरा वजिराने एफ३ वरचा उंट मारील. मांडा हे पटावर. आता खेळी काळ्याची आहे. मागच्या बाकावरून एक जण ओरडला, “सर, काळ्याचा घोडा सी६ वरून डी४! वजिरावर पण हल्ला आणि सी२ च्या प्याद्यावर पण!” चाल दिसायला फार देखणी आहे. सारा वर्ग ‘हो, हो’ म्हणाला.

तुम्ही पांढऱ्याच्या जागी असाल तर काय खेळाल?